सतरा फेब्रुवारीची प्रत

हार्ड डिस्क गेली तेव्हा आवाज येत होता,
जीभ टाळूला लावून काढावा तसा. टक्. टक्.
मी समजलो, पाल चुकचुकतेय.
भिंतीवर चप्पल आपटली.
पाल गप्प झाली नाही.

"काका, बॅकअप?" नौशादने विचारलं.
लॅमिंग्टन रोडवरचं त्याचं दुकान दोन माणसांत भरतं,
तिसऱ्याने जिन्यात उभं राहायचं. मी जिन्यात होतो.
आहे की, म्हटलं,
आणि खिशातून काढला पेन ड्राइव्ह,
जुडग्यात गच्चीच्या किल्लीशेजारी अडकवलेला,
इतकी वर्षं मी ज्याला किल्लीच समजत होतो.

त्यात सतरा फेब्रुवारी, दोन हजार वीस.
त्यापुढे काही नाही.

घरी आणून फायली उतरवल्या.
हिरवी पट्टी सरकली, नळाला पाणी येतं तशी,
आधी करंगळीएवढी, मग एकदम,
आणि कन्नमवार नगरातली आमची
नवसंकल्प सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
उभी राहिली पडद्यावर, बत्तीसच्या बत्तीस गाळे.

१०४ फर्टाडो, थकबाकी शून्य.
२०१ खांडेपारकर बाई, लिफ्टजवळच्या कुंड्या हलवा म्हणून
ज्यांना मी तीन पत्रं लिहिली,
तिसरं अजून मसुद्यातच.
३०२ चा मुलगा अजून बिनलग्नाचा, एक दुचाकी.
सिंकिंग फंडात पैसे होते!

यंत्राला काय,
त्याने मार्चचं बिल काढलं सगळ्यांच्या नावे,
श्री., श्रीमती,
विलंब शुल्क धरून.

मग दुरुस्तीला बसलो.
रजिस्टर मांडीवर, चष्मा कपाळावर,
"श्री." खोडायचं, "कै." लावायचं.
दुसऱ्यांदा.
पहिल्या वेळी एकेक करून गेले होते,
कधी महिन्याने, कधी चौथ्याच दिवशी,
मध्ये चहा, मध्ये दाखल्याची झेरॉक्स.
आता एका बैठकीत सात.
वारसदाराच्या रकान्यात पुढचं नाव,
हस्तांतरण शुल्क पाचशे, ठराव क्रमांक अमुक.
फर्टाडोपाशी बोट अडलं.
त्यांच्यात "कै." लावतात का
हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

शेवटी तक्रारींची फाईल.
एकच ओळ लाल.
गाळा २०३, दामोदर तांडेल:
"रात्री दोन वाजता पंप सुरू होतो. भिंत थरथरते.
कान उशीखाली घेतला तरी तेच.
सेक्रेटरींनी एकदा आमच्याकडे झोपायला यावे."
स्थिती: प्रलंबित.

ती कशी मिटवली होती, आठवलं.
जून महिना. "तक्रारदार मयत, सबब निकाली."
तेव्हा ते वाक्य नियमात बसलं होतं.
आजही बसेल.
टाइप करायला घेतलं, "सबब"पर्यंत आलो,
मग मागे मागे, एकेक अक्षर,
रकाना पांढरा होईपर्यंत.

नौशादने बजावलंय, एक प्रत घरात, एक घराबाहेर.
आग लागते, पाणी शिरतं, माणूस विसरतो.
घराबाहेर माझं कोण?
मुलगी ठाण्यात, पण जावई
हाताला लागेल ते फॉरमॅट करतो.

रविवारी संध्याकाळी २०३ ची बेल दाबली.
पाच पायऱ्या खाली, तरी दम लागला.
तांडेलबाईंनी दार अर्धं उघडलं,
हाताला बोंबलांचा वास.
पेन ड्राइव्ह पदराला पुसून उजेडात धरला.
"हे जपायचं? बरं."
आणि निघाल्या सुक्या सोड्यांच्या बरणीकडे,
तिथे कुणी हात घालत नाही म्हणून.
कोरडी असेल तर चालेल, म्हटलं.
नुसतं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा.

त्यांनी गुंडाळलं. गाठ मारली.
बरणीचं झाकण फिरवता फिरवता,
माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"पंप अजून दोनलाच लागतो हो."